उष्ण प्रकृतीचा माणूस

अंधेरी,
४ मे १९५७

तीर्थस्वरूप वन्सं यांच्या पायी उत्तराचा नमस्कार.

पत्राला कारण असं की, आमचं थंड हवेचं यंत्र काल दुपारी बंद पडलं. आधी नुसतं खोकलं, मग खिडकीच्या चौकटीसकट थडथडलं आणि जळका वास सोडून गप्प झालं. मेकॅनिक येऊन गेला. म्हणाला, आतला गॅस गेलाय, एक भाग बदलावा लागेल, तो फोर्टातून मागवायचा, पंधरा-वीस दिवस धरून चला. मे महिन्यातले पंधरा-वीस दिवस! त्याला काय जातंय म्हणायला.

तुम्ही हसाल. म्हणाल, अख्खी मुंबई पंख्याखाली नाहीतर पंख्यावाचून उन्हाळा काढते आणि हिला यंत्राची हौस. पण यंत्र कशासाठी आलं ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. गेल्या वर्षी अक्षय्यतृतीयेला ह्यांनी माझा हात पिरगळला आणि बांगड्या फुटून मनगटात गेल्या, तेव्हा तुम्ही, तुमचे वैद्यबुवा आणि माझे अण्णा, सगळे आमच्या बाहेरच्या खोलीत बसला होतात. ह्यांची नाडी बघून वैद्यबुवांनी निदान केलं की माणूस वाईट नाही, प्रकृती उष्ण आहे, पित्त डोक्यात चढतं. अंग गार राहिलं तर डोकंही गार राहील. मग अण्णांनी पार्ल्याच्या घरामागची बाग विकली आणि जुहूला एक पारशी आपला बंगला विकून विलायतेला चालला होता, त्याच्याकडून हे यंत्र आणलं. लोक जावयाला दिवाळीत अंगठी देतात, माझ्या वडिलांनी गारवा दिला.

गारवा बाहेर जाऊ नये म्हणून ह्यांनी निजायच्या खोलीच्या खिडक्यांना जाड काचा पक्क्या बसवून घेतल्या आहेत. त्या उघडतच नाहीत. आता त्या खोलीची भट्टी झाली आहे. काचा काढू या म्हटलं तर म्हणतात, यंत्र दुरुस्त झालं की पुन्हा बसवत बसायच्या का?

काल रात्री आमटी गरम वाढली म्हणून ताट भिंतीवर गेलं. ताट भिंतीवर जातं तोवर ठीक असतं. त्याच्या पुढचं काय ते मला कळतं. वन्सं, मोकळं लिहिते, मला माराची भीती वाटते. घरात आम्ही दोघंच. तुमच्या घरात औषधं कुटली जातात, तुम्ही ह्यांना लहानाचं मोठं केलंत. यंत्र येईपर्यंत ह्यांना थंड कसं ठेवू ते सांगा. सांगाल ते करीन.

तुमची
उत्तरा

मुलुंड,
८ मे १९५७

चि. सौ. उत्तरा हिस वसुधाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अगं, यंत्र बंद पडलं म्हणजे आभाळ कोसळलं का? आमच्या आईच्या वेळी कुठे होती यंत्रं? आमचे बाबा विद्याधरच्या दुप्पट उष्ण. वैशाख लागला की आई घरात चप्पल न वाजवता चालायची. पण तिने जन्मभर त्यांना गुलकंद भरवला आणि संसार पुरा केला. पाठीवर वळ असायचे, नाही असं नाही. पण कुणापुढे रडली नाही हो ती.

आता लक्ष देऊन वाच. सकाळी उठल्याबरोबर त्याला गुलकंद आणि वर कपभर गार दूध. दुपारी कोकमाचं सरबत, त्यात सब्जा घाल. आमटीला हिंग नको, लसूण नको, वांगं महिनाभर घरात आणू नकोस. पांढरा कांदा ठेचून तळपायांना चोळ. शर्टाच्या खिशात कांदा ठेव, ऑफिसात वास येतो म्हणेल, तर म्हणावं बहिणीने सांगितलंय. दारांना वाळ्याचे पडदे लाव आणि तासातासाला पाणी मार. फरशी ओली ठेव. खोलीच्या मधोमध घंगाळात बर्फ ठेवून वर पंखा सोड, तुझ्या त्या पारशाच्या यंत्राच्या तोंडात मारेल अशी हवा येते. बर्फ बाजारातला घेऊ नकोस, वितळून निम्मा होतो. खारदांड्याला कोळ्यांच्या मासळीसाठी लाद्या येतात, तिथून आणणारा कुणी भेटतो का बघ. फोडायला आमच्या दवाखान्यातला जुना लोखंडी बत्ता कंपाउंडरबरोबर पाठवते आहे, सोबत गुलकंदाची बरणी आणि वाळा.

आणि एक. तो घरात शिरल्या शिरल्या काही सांगायला जाऊ नकोस. दूध उतू जायला लागलं की आपण पाण्याचा हबका मारतो, दुधाशी वाद घालत नाही. तुझं तोंड जरा चालतं, ते मला माहीत आहे. विद्याधर मनाचा फार हळवा. लहानपणी पायाखाली मुंगी आली तर रडायचा.

वैद्यबुवा म्हणतात, गुलकंद प्रवाळयुक्त आहे, गुण येणारच. नाही आला तर मला कळव.

तुझी
वन्सं

अंधेरी,
१३ मे १९५७

तीर्थस्वरूप वन्सं यांना उत्तराचा नमस्कार.

तुम्ही सांगितलंत ते सगळं केलं. आमचं घर सध्या कोळ्याची होडी आणि वैद्याचं दुकान यांच्या मधलं काहीतरी झालं आहे. वाळ्याचे पडदे ठिबकतात, फरशीवर पाऊल ठरत नाही, आणि खारदांड्याचा लवू नावाचा माणूस रोज सकाळी हातगाडीवरून भुश्यात गुंडाळलेली लादी आणून टाकतो. मोठा बोलका आहे. पहिल्याच दिवशी म्हणाला, "बाईनू, लगीन हा काय घरात? एवढो बर्फ कित्याक?" मी म्हटलं, लग्न होऊन सात वर्षं झाली, त्याचाच आहे हा बर्फ. तो हसला. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी.

पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी ह्यांना बर्फाला मासळीचा वास आला. "ब्राह्मणाच्या घरात बोंबील वितळवतेस?" म्हणाले आणि तुमची गुलकंदाची बरणी माझ्यावर फेकली. भुवईच्या वर लागली. रक्त आणि गुलकंद एकाच रंगाचे, किती लागलंय ते मला धुतल्यावर कळलं. वरच्या जानकीबाईंनी हळद दाबून धरली.

पण मला लिहायचंय ते कालचं. काल रविवारी ह्यांचे साहेब अचानक घरी आले. भर दुपार, जानकीबाईंच्या बाल्कनीतली चिमणीसुद्धा चोच उघडून बसलेली. लवू काल आला नव्हता, म्हणजे बर्फही नव्हता. हे कोट-टाय घालून त्यांच्यासमोर बसले. साहेबांनी कसल्याशा चुकलेल्या टेंडरवरून ह्यांना माझ्यादेखत गाढव म्हटलं. एकदा नाही, चांगलं तीन-चारदा. ह्यांच्या कानशिलांवरून घाम टपटप गळत होता, कॉलर भिजून काळी झाली होती. आणि हे हसत होते, वन्सं. "येस सर, माय मिस्टेक सर." साहेबांना विंझणवारा घालत होते. स्वतःच्या हाताने.

साहेब गेले. ह्यांनी दार लावलं, कोट काढून नीट टांगला, मोरीत जाऊन तोंडावर गार पाणी घेतलं, ओला पंचा डोक्यावर ठेवला. मग स्वयंपाकघरात आले, तुम्ही पाठवलेला बत्ता उचलला आणि माझ्या खांद्यावर मारला. पन्हं आंबट झालं होतं म्हणाले.

डावा हात वर होत नाही. पण हाताचं सोडा. रात्रभर एकच विचार डोक्यात आहे, तो तुम्हाला विचारते. तापलेल्या खोलीत, कोट घालून, गाढव म्हणवून घेताना ह्यांची उष्णता कुठे गेली होती? आणि गार पाणी डोक्यावर घेतल्यावर ती कुठून आली?

तुमची
उत्तरा

अंधेरी,
१६ मे १९५७

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. वैद्यबुवांनाही सांग.

तुझ्या औषधयोजनेबद्दल आधी आभार आणि मग तक्रार. अगं, तू माझ्या घराचं डबकं केलंस! सकाळी दाढी करायला उठलो तर घोट्याएवढ्या पाण्यात. ऑफिसात खिशातला कांदा बाहेर पडला आणि टायपिस्ट पोरी आठवडाभर हसत होत्या. उद्या मला तळ्यात कमळासारखा ठेवशील.

विनोद राहू दे. उत्तरा त्या ओल्या फरशीवर दोनदा घसरून पडली. एकदा हातातली बरणी फुटून कपाळाला लागलं, एकदा खांदा आपटला. तू ओळखतेसच, जात्याच धांदरट आहे. त्यावरून तिने तुला काय काय लिहिलंय ते मी वाचलंय. पाकीट बंद व्हायच्या आधीच वाचलं आणि तरी टाकायला दिलं, कारण आपल्यात लपवण्यासारखं काय आहे? तू मला ओळखतेस. मी क्वचित तापतो, नाही म्हणत नाही, पण ते का ते वैद्यबुवांनीच सांगून ठेवलंय. गेलं वर्षभर यंत्र चालू होतं, एक शब्द तक्रारीचा आला का तुझ्याकडे? तूच आठवून बघ.

तुला एवढंच सांगतो, बायकांनी बायकांना असली पत्रं लिहून घरं मोडतात. तिला फार उत्तेजन देऊ नकोस. तिला मी माझ्या पद्धतीने समजावीन. यंत्राचा भाग सोमवारी येतोय. एकदा ते सुरू झालं की सगळं पूर्ववत.

तुझा
विद्याधर

मुलुंड,
१८ मे १९५७

चि. सौ. उत्तरा हिस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस जेवले नाही. मग विद्याधरचं पत्र आलं आणि माझं डोकंच चालेना. तो लिहितो, तू ओल्या फरशीवर घसरलीस. तू लिहितेस, त्याने बत्ता घातला. दोघांपैकी एकजण खोटं बोलतं आहे आणि दोघंही माझी. मी काय करू?

मी विद्याधरला खरं म्हणते असं समजू नकोस. पण त्याची एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. गेलं वर्षभर ते यंत्र चालू होतं. दिवाळीला तू आलीस, संक्रांतीला आलीस, मी स्वतः तुला विचारलं, आता बरं आहे ना गं? तू म्हणालीस, यंत्र आल्यापासून काही त्रास नाही. मग त्याला उष्णताच असणार. दुसरं काय असेल? साहेबाचं म्हणशील तर नोकरीपुढे माणूस पित्तसुद्धा गिळतो.

तेव्हा मला खरं खरं सांग. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. यंत्र चालू असताना त्याने तुझ्यावर कधी हात टाकला का? नुसतं हो किंवा नाही लिही. तू लिहिशील त्यावर मी विश्वास ठेवीन. आणि यंत्र सोमवारी सुरू होणार आहे म्हणतो, तोवर दोन दिवस गप्प राहा, त्याच्या डोळ्यासमोर फार येऊ नकोस.

वाळ्याचं सरबत पाठवते आहे.

तुझी
वन्सं

अंधेरी,
२१ मे १९५७

वन्सं,

हे पत्र जानकीबाई टाकतील. यापुढे मला या पत्त्यावर काही लिहू नका. तुमचं अठराचं पत्र मी वाचलं नाही, ते मला वाचून दाखवण्यात आलं. यंत्र काल सोमवारी संध्याकाळी दुरुस्त झालं. ह्यांनी ते सुरू केलं, दाराला कडी घातली, पलंगावर बसले आणि तुमचं पत्र शाळेत मास्तर धडा वाचतो तसं वाचलं. शेवटी शपथ आली तेव्हा चष्मा काढला आणि म्हणाले, "सांग, काय लिहिणार आहेस? हो की नाही?"

मग घंगाळात सकाळच्या लादीचा बर्फ उरला होता, त्यात माझं डोकं दाबलं. केसांना धरून वर काढायचे आणि विचारायचे, "हो की नाही?" वन्सं, बर्फाच्या पाण्यात कान बधिर होतात, पण यंत्राची घरघर ऐकू येते. मी डाव्या हाताने घंगाळाचा काठ घट्ट धरला होता. तो हात सुटेना म्हणून त्यांनी पायाने दाबला. मनगटाचं हाड मोडलं. आज प्लॅस्टर घातलं. डॉक्टरांना सांगितलं, ओल्या फरशीवर घसरली.

आणि ती खोली इतकी गार होती की माझे दात वाजत होते. विद्याधरच्या अंगावर घामाचा एक थेंब नव्हता. त्याने स्वेटर घातला होता.

आता तुमचं उत्तर. हो. कितीदा तरी. यंत्र आलं त्याच आठवड्यात पहिल्यांदा. आधी यंत्राचं बटण, मग दाराची कडी, मग मी. त्या घरघरीत बाहेर काही जात नाही, आणि काचा तर उघडतच नाहीत. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून बसवल्या असं आपण सगळे समजतो. लग्नाच्या पहिल्या वर्षात मी कधीतरी ओरडले असेन, नंतर ओरडणं सोडलं.

मग दिवाळीला खोटं का बोलले? वन्सं, अण्णांनी बाग विकली होती. तुम्ही वाटेकडे डोळे लावून बसला होतात की मी 'बरं आहे' म्हणावं. मी ते म्हटलं आणि तुम्ही हातातलं तबक खाली ठेवून मला कुरवाळलंत. वैद्यबुवा म्हणाले, "पाहिलंत? निदान!" सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की यंत्र चालू असलं की मार नाही. मग यंत्र चालू असताना मी मार बसला म्हणून कुणाला लिहू? तुम्ही म्हणाला असतात, मग हिचीच काहीतरी खोड असेल. यंत्र बंद पडलं त्या दिवशी मला पहिल्यांदा लिहायला तोंड मिळालं. ते बिघडलं म्हणून मी घाबरले होते असं लिहिलं, ते निम्मं खोटं. मला बरं वाटलं होतं.

अण्णांकडे जाऊ शकत नाही. ते विचारतील, यंत्र दुरुस्त झालं ना? मग झालं तर.

मी इथे मरेन, वन्सं. हे मी रागाने लिहीत नाही. आज सकाळी लवू बर्फ टाकायला आला, माझा हात बघून म्हणाला, "बाये, ह्यां काय झाला?" मी म्हटलं, घसरले. तो खाली बघून म्हणाला, "आमच्या आवशीक पण असांच व्हायचा." आपल्या आईचं एवढंच बोलला आणि लादी न टाकताच गेला. कोळीवाड्यातल्या माणसाला कळलं. तुम्हाला कळायला आणखी काय लिहू?

मला इथून घेऊन जा. नाहीतर निदान 'आम्हाला माहीत आहे' एवढं तरी म्हणा.

उत्तरा

(पोस्टकार्ड)

मुलुंड,
२३ मे १९५७

चि. विद्याधरास आशीर्वाद.

सोमवारी यंत्र दुरुस्त झालं असेलच, आनंद आहे. इथे उकाड्याने जीव नकोसा झालाय. वैद्यबुवांना सरबतं करून करून माझे हात झिजले. शनिवारी येते, चार दिवस तुझ्या यंत्राची गार हवा खाईन म्हणते. उत्तराचं पत्र नाही, तिचा खांदा अजून दुखत असेल. जपून चालत जा म्हणावं. आमरस करून ठेवा. बत्ता लागतो आहे, तो काढून ठेव, परत नेईन.

तुझी
ताई

अंधेरी,
३१ मे १९५७

ताई,

डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर वाचता आलं तर बघ.

उजव्या मनगटाची दोन हाडं मोडली आहेत. डॉक्टर म्हणतात, सही करायला पूर्वीसारखा हात कधी चालेल सांगता येत नाही. ऑफिसात ओल्या फरशीवर घसरलो म्हणून सांगितलं. दुसरं काय सांगणार?

तू हे का केलंस? तू मला आंघोळ घालत होतीस, माझ्या पाटीवर अक्षरं काढून देत होतीस. नवराबायकोत काय होतं ते आपल्या घरात काय पहिल्यांदा होत होतं? बाबांवर तू कधी हात उगारलास? तुला त्या दिवशी झालं होतं काय? उन्हातून आलीस, उष्णता डोक्यात गेली असंच मी वैद्यबुवांना लिहिणार आहे.

उत्तराला परत पाठव. झालं गेलं मी विसरायला तयार आहे. काचा बसवून घेतो.

विद्याधर

मुलुंड,
२ जून १९५७

विद्याधर,

तुझं पत्र मिळालं. अक्षर वाचता आलं. तुला डाव्या हातानेही मीच लिहायला शिकवलं असतं, पण बाबा मारतील म्हणून सोडून दिलं होतं.

तू सगळ्यांना घसरलो म्हणून सांगतोस, त्यामुळे खरं काय झालं ते तूच विसरशील अशी मला भीती वाटते. म्हणून लिहिते.

शनिवारी मी आले. तू मला जिन्याखाली घ्यायला आलास, पिशवी उचललीस. आमरस वाढलास. माझ्या भावासारखा भाऊ नाही असं मला वाटलं, जेवताना खरोखर वाटलं. उत्तराने एका हाताने पोळ्या केल्या. मी मनात म्हटलं, देवा, ती पोरगी खोटं बोलत असू दे. तुला हे कळावं म्हणून सांगते, की मी तुझ्या बाजूने यायला शेवटपर्यंत तयार होते.

रविवारी दुपारी तू यंत्र सुरू केलंस. मला म्हणालास, ताई, तू आत नीज, गार आहे. मी म्हटलं, मला बाहेरच्या खोलीत बरं वाटतं, सवय नाही. मग तू उत्तराला हाक मारलीस आणि कडी घातलीस. मी बाहेर आरामखुर्चीत पडून होते. मला काही ऐकू आलं नाही. नुसती घरघर. आणि ते काही ऐकू न येणं मला ओळखीचं वाटलं. वर्षभर मी मुलुंडात बसून तेच ऐकलं होतं आणि म्हटलं होतं, बरं चाललंय पोरांचं.

मी स्वयंपाकघरातून बत्ता घेतला आणि गॅलरीत गेले. तुझ्या निजायच्या खोलीच्या खिडकीची काच पक्की होती, तीन घावांनी फुटली. आत तू तिचं डोकं घंगाळात धरलं होतंस आणि प्लॅस्टरचा हात पाठीमागे पिरगळला होतास. तिचे पाय फरशीवर मासळीसारखे आपटत होते. तू मान वर करून माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही. कुणी आंघोळीच्या वेळी दार उघडावं तसं. तिला सोडून तू खिडकीशी आलास, चौकटीवर हात ठेवलास आणि अगदी शांतपणे म्हणालास, "ताई, तू बाहेर जा. हे आमचं आहे."

तोच हात. मी दोनदा मारलं. पहिला घाव रागाचा म्हण हवं तर. दुसरा मी नीट नेम धरून घातला.

तू विचारतोस, उष्णता झाली होती का? नाही रे. फुटलेल्या काचेतून तुझ्या यंत्राची गार हवा सरळ माझ्या तोंडावर येत होती. माझं कपाळ थंड होतं, हात थंड होता, डोकंही थंड होतं. आयुष्यात इतकी गार कधी नव्हते. नाचता येईना अंगण वाकडं, तसं हात आवरेना म्हणून तू हवेला नाव ठेवत होतास, आणि आम्ही तुझं अंगण सरळ करत बसलो होतो. बाबा आईच्या गुलकंदाने कधी थंड झाले नाहीत. ते एकदाच थंड झाले, आणि तेव्हा त्यांना खांद्यावरून नेलं.

घरी आल्यावर वैद्यबुवांनी माझी नाडी बघितली आणि गुलकंदाची बरणी पुढे केली. मी ती फळीवर परत ठेवली. उत्तरा आमच्याकडे आहे. रात्री दचकून उठते, मग मी तिच्याजवळ जाऊन बसते. खिडक्या सगळ्या उघड्या असतात, डास चावतात, पण चालतं. अण्णांना मी स्वतः पार्ल्याला जाऊन सांगून आले. ते म्हणाले, "बाग गेली त्याचं नाही, ताई, पण मी तिच्यासाठी तुरुंग विकत आणला." आणि रडले. उत्तरा परत येणार नाही. न्यायला आलास तर वैद्यबुवांचा मोठा खल इथे आहे आणि त्याचा बत्ता दुप्पट वजनाचा आहे.

काचा बसवू नकोस. जानकीबाईंना सांगून ठेवलंय, बसवल्यास मला कळवतील. साहेबांना पाहिजे ते सांग. ओली फरशी, जिना, काय सुचेल ते. मी कुणाला तुझं खोटं उघड करणार नाही. तुझ्या बायकोने सात वर्षं तेच सांगितलं, तू एखादं वर्ष सांग.

मनगटाला सूज असेल. लवूला निरोप दिला आहे, आजपासून रोज सकाळी लादी टाकेल. फडक्यात गुंडाळून लाव. वास मासळीचा येईल, सोस.

ताई